दोन बोटं जास्त

३ नोव्हेंबर, सोमवार

जुना ओटा फुटला! सुतार आणि गवंडी सकाळी आठला आले आणि साडेनवाला आमच्या स्वयंपाकघराचा नुसता ढिगारा. दुकानाचं शटर उशिरा उघडलं. गिऱ्हाइकं खोळंबली. खोळंबू देत, ब्लाउज कुठे पळून जात नाहीत.

दादा पलीकडच्या खोलीत खुर्चीवर बसून. घणाचा प्रत्येक घाव ऐकत होता, पण काय पाडताय म्हणून विचारलं नाही. मीच सांगितलं, ओटा गेला, आता मांडणी. म्हणाला, "तुझं घर आहे. तुला हवं ते कर."

तुझं घर! हॉस्पिटलच्या किचनमध्ये तीस वर्षं दोनशे माणसांचं जेवण काढणारा हा माझा भाऊ. पेशंट बरे झाल्यावर डॉक्टरांच्या आधी त्याला भेटायला यायचे. घरीही मला आत पाऊल टाकू द्यायचा नाही. मी जन्मभर कपडे शिवले आणि आयतं खाल्लं. आता त्याच्या दोन्ही डोळ्यांत नजरेच्या मधोमध डाग आलाय, कडेकडेचं तेवढं दिसतं. मार्चमध्ये शेगडीवर तळहात भाजला. त्या दिवसापासून स्वयंपाकघरात गेला नाही. आठ महिने माझ्या हातचं खातोय बिचारा!

४ नोव्हेंबर, मंगळवार

ताईचा फोन. "छोटे, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? तुला धड अंडं उकडता येत नाही, आणि नवं किचन कुणासाठी?" मग मूळ मुद्दा — ती अठ्ठावीसला येणार आणि तीस तारखेला दादाला कायमचं घेऊन जाणार. "दोन सुना आहेत माझ्या घरी. दोन वेळचं वेळेवर मिळेल. आरामात खुर्चीत बसू दे त्याला."

ताईची माया खोटी नाही. पण खुर्चीत बसून तो वर्षभरात संपेल, हे तिला कोण सांगणार? दादाला विचारलं, जाशील का? तर म्हणे, "मला काय, जिथे ठेवाल तिथे."

कुणासाठी म्हणते! तिला सांगितलं नाही, इथे लिहिते — त्याच्यासाठी. त्याला परत आत घालायला. माझ्याकडे पंचवीस दिवस आहेत.

६ नोव्हेंबर, गुरुवार

शेगडी घेतली! विजेची, वरून अख्खी काळी काच. जाळ नाही म्हणजे भाजायचा प्रश्नच मिटला. सेल्समननं नुसतं बोट टेकवलं की लाल आकडे उमटायचे. मी भाळले. जादूगारापुढे बसलेल्या पोरीसारखी टाळ्या वाजवायच्याच काय त्या बाकी होत्या. टेंपोत घालून घेऊनच आले.

दादाच्या मांडीवर ठेवली. त्यानं तळहात फिरवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग उलटा. एक उंचवटा नाही, एक खाच नाही. म्हणाला, "पाटी कोरी आहे गं, छोटी." शांतपणे म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं.

दुकानात जाऊन ट्रायल रूमचा पडदा ओढून रडले. आंधळी मीच!

८ नोव्हेंबर, शनिवार

"बॉक्स फोडलाय मॅडम, परत घेता येत नाही." शेगडीच्या दुकानात हेच वाक्य तीन माणसांनी तीन वेळा ऐकवलं. मी म्हटलं, मी रोज लोकांच्या बाह्या उसवून परत लावते, तुम्हाला एक खोका चिकटवता येत नाही? आवाज चढला माझा. चढू दे!

मग आतून एक बाई आल्या, त्या विभागाच्या मोठ्या बाई. केस पिकलेले, चष्मा गळ्यात. त्यांनी एकच विचारलं, "वापरणार कोण?" मी सांगितलं. मग म्हणाल्या, "माझ्या आईचं असंच झालं होतं. या, डोळे मिटा."

आणि आम्ही दोघी डोळे गच्च मिटून शेगड्यांच्या रांगेतून हात फिरवत चाललो! हा नॉब गुळगुळीत, नको. हा सैल, नको. एका गिऱ्हाइकानं बायकोला हळूच मागे ओढलं. एक सेल्समन धावत आला, "मॅडम, चक्कर येतेय का?" सातव्या शेगडीचा नॉब फिरवला आणि प्रत्येक पायरीला टक्‌, टक्‌, टक्‌! बाईंनी डोळे उघडायच्या आधीच सांगितलं, "हीच."

कोरी पाटी परत गेली. बाईंचा ब्लाउज मी फुकट शिवणार आहे, त्यांनी नाही म्हटलं तरी.

११ नोव्हेंबर, मंगळवार

फ्रीज जिन्यात अडकला. दीड तास. वरच्या मजल्यावरचे काका चपला हातात घेऊन वरच उभे, खाली येता येईना. शेवटी दारं काढली तेव्हा सुटला. दारं परत लावताना माणसं उलट्या बाजूनं लावत होती — दार उघडं राहिलं की थेट दादाच्या कपाळावर! आरडाओरडा करून बदलून घेतलं. घसा बसला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

धूर ओढायची चिमणी बसवायला माणूस आला. बटण दाबलं आणि घरात विमान उतरलं! मी कानावर हात ठेवणार, तोच खुर्चीतून आवाज आला —

"बंद करा ते! एवढ्या कलकलाटात तेल काय म्हणतंय ते ऐकू कसं यायचं?"

मी जागच्या जागी उभी. मग गोड आवाजात विचारलं, "कुणाला ऐकू यायचं?"

दादाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सापडलास, दादा!

चिमणी परत. खिडकीत एक छोटा पंखा बसवू, तो नुसता कुजबुजतो.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज माझी अब्रू गेली. आणि मी भलतीच खूश आहे.

ओव्हन आला. सुतारानं कपाटात खण करून ठेवलेला होता. ओव्हन आत सरकवला — आणि तो खणात ढिला! दोन्ही बाजूंना फटी. मी सुतारावर घसरले, एवढं साधं माप कळत नाही? त्यानं शांतपणे खिशातून कागद काढला. माझंच अक्षर.

ओव्हनचं माप मी स्वतः टेपनं घेतलं होतं, बरोबर घेतलं होतं. पण लिहिताना हातानं आपला धंदा केला. दोन्ही बाजूंना शिलाईसाठी सोडून लिहिलं! पस्तीस वर्षं माप घेतलं की जास्तीचं सोडायचं, हात काय विचारून करतो?

सुतार म्हणाला, "टेलरबाई, लाकडाला आतून टीप मारता येत नाही हो."

आणि पलीकडच्या खोलीतून हसू आलं. दादाचं! आधी खुदखुद, मग खो खो, मग ठसका. मार्चपासून हा आवाज ऐकला नव्हता. मग खुर्ची सरकली. भिंतीला हात लावत आला. उंबऱ्याशी थांबला — आणि आत आला. फटीत बोटं घालून पाहिली. एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला.

"दोन बोटं. इकडेही दोन बोटं. छोटी, ओव्हन वाढत्या अंगाचा आहे होय?"

सुतार खाली बसून हसला. मीसुद्धा. डोळ्यांतून पाणी आलं ते कशाचं होतं, ते कुणी विचारलं नाही हे बरं.

जाताना दादा सुताराला म्हणाला, "बुजवू नका. ट्रे उभे ठेवायला होईल."

१९ नोव्हेंबर, बुधवार

ओव्हनच्या नॉबभोवती शर्टाची बटणं चिकटवली. दादानं बसून सांगितलं, दोन भोकांचं इथे, चार भोकांचं तिथे, सगळ्यात जास्त आचेला कोटाचं मोठं. आठ महिन्यांत माझ्यावर पहिल्यांदा खेकसला, "सरळ लाव!" कान तृप्त झाले.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सगळं तयार. ओटा पुसला, दिवे लावले, कडेनं दिसावं म्हणून फळ्यांच्या कडांना पिवळी पट्टी लावली. दादाला म्हटलं, झालं बघ. तो म्हणाला, "छान." आणि खुर्चीत बसून राहिला.

दिवसभर. मी दुकानातून तीन वेळा घरी येऊन पाहिलं. खुर्ची. खुर्ची. खुर्ची.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज न राहवून सरळ विचारलं. माझं ऑम्लेट खात होता, एका बाजूनं काळं, एका बाजूनं ओलं. विचारलं, भीती वाटते का?

बराच वेळ चावत राहिला. मग म्हणाला, "भाजायची नाही गं. हात काय, बरा होतो. पण माझं आता बिघडेल. आणि तू खाशील आणि छान झालंय म्हणशील. लहान मुलाला म्हणतात तसं. ते मला सोसणार नाही."

मला आधी वाईट वाटलं, मग संताप आला. म्हटलं, आणि तू काय करतोस? आठ महिने माझं जळकं करपलेलं छान छान म्हणून गिळतोयस! खोटारडा कोण?

"मग काय म्हणू?"

"जळलंय म्हण."

"जळलंय," दादा म्हणाला. "भयंकर जळलंय. मार्चपासून रोज जळतंय. परवाचा भात तर मी खिशात घालून बाहेर टाकला."

एवढा अपमान माझा कुणी केला नाही! दोघं हसून हसून दमलो. मी म्हटलं, ठरलं तर. यापुढे या घरात जेवणाबद्दल खोटं बोलायचं नाही. तू नाही, मी नाही. त्यानं हात पुढे केला. मी दिला.

पण आत काही गेला नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

ताई आली. नवं स्वयंपाकघर फिरून पाहिलं, नॉबवरची बटणं बघून कपाळाला हात लावला. "हौसेला मोल नाही बाई तुझ्या." मग दादाचे कपडे घड्या करून बॅगेत. स्वेटर, मोजे, औषधं. तिनं विचारलं, निळा शर्ट घेऊ का? तो म्हणाला, घे.

मी भांडले. त्याला नको आहे जायला, कळत नाही तुला? ताई म्हणाली, "मग त्यानं तसं म्हणावं की. म्हटलं का त्यानं?"

नाही म्हटलं. तीच तर गोम आहे.

२९ नोव्हेंबर, शनिवार

ताई स्वयंपाकाला उभी होती. कढईत काहीतरी टाकलं, चर्र झालं नाही. खुर्चीतून आवाज — "तेल तापलेलं नाही, ताई. घाई केलीस." ताई म्हणाली, "तू गप बस रे, आराम कर."

दादाचा चेहरा मी पाहिला. ताईनं पाहिला नाही. बॅग दाराशी उभी आहे. मला काही लिहवत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी आम्ही उठायच्या आत दादा ओट्याशी उभा होता. बटाटे, कांदे, अंडी, सगळं ट्रेमध्ये रचून ओव्हनमध्ये. कुणाला मध्ये येऊ दिलं नाही. जेवायला बसलो. ताईनं पहिला घास घेतला आणि डोळे पुसत म्हणाली, "किती छान झालंय रे!"

त्यानं मान तिरकी करून माझ्याकडे वळवली. "छोटी?"

मी म्हणाले, "बटाटे कच्चे आहेत."

ताईनं टेबलाखालून पाय मारला. दादानं एक फोड उचलली, चावली, विचार केला. "आहेत खरे," तो म्हणाला. "उद्या दहा मिनिटं जास्त ठेवतो."

उद्या म्हणाला! चारच्या गाडीनं ताई एकटी गेली.