मसाला पडायच्या आधीची वाटी

अण्णा, तुमच्या पणतूला हुलग्याची शेंगोळी आवडते. हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं आणि पहिल्यांदा तुम्हीच आठवलात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की माझा मुलगा तुम्हाला फक्त फोटोत ओळखतो, आणि सूनबाई फोटोतही आधी विचारून घेते. पण गेले काही आठवडे आमच्या जुन्नरच्या या घरात जेवणाची वेळ झाली की तुमचंच नाव निघतं. त्याला कारण हा दीड वर्षाचा पोरगा, त्याचं वजन आणि सूनबाईची नोकरी. म्हणून म्हटलं, ज्यांचं नाव घेऊन हे सगळं चाललंय, त्यांना निदान काय चाललंय ते कळवावं.

पोरगा खात नव्हता. रांगायचा, पळायचा, भांडी वाजवायचा, हसायचा, पण घास तोंडाशी नेला की मान फिरवायचा. अंगणवाडीच्या ताईंनी त्याला काट्याला लटकवलं आणि कार्डावर टिंब काढलं. ते हिरव्या पट्ट्यातून पिवळ्यात उतरलं होतं. ताई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आजी, लेकरू खेळकर आहे, पण काटा हाय तिथंच हाय." ते कार्ड मी संध्याकाळी सूनबाईच्या हातात दिलं. ती इथल्याच एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते, दिवसभर लोकांचं रक्त तपासते. रात्री भांडी घासताना पाठमोरी म्हणाली, "आई, पुढच्या वजनालाही काटा हलला नाही तर मी नोकरी सोडते. मला कुणी काही बोललेलं नाही. पण माझं लक्षच लागत नाही तिथं." मी तिला सोड म्हणाले नाही आणि नको सोडूस असंही म्हणाले नाही. तिचा हात त्या कामात बसलेला आहे. सुई टोचताना रडणारं पोर तिच्यासमोर गप्प होतं, असं बाजारात भेटलेल्या बाया मला सांगतात. असा बसलेला हात घरी बसवायचा, हे मला बरं वाटेना. पण पोराचं हाड दिसत असताना सासूने असं बोलायचं कसं?

तसं मी त्याच्यासाठी काय करत नव्हते? सकाळी नाचणीची पेज, दुपारी मुगाच्या डाळीचा मऊ भात, चार वाजता उकडलेला बटाटा, संध्याकाळी भोपळा आणि गाजर. त्याचं पातेलं वेगळं, त्याचा चमचा वेगळा. सगळं शिजवून मिक्सरमधून काढायचं. पुढे सूनबाईने मेडिकलमधून पावडरचा डबा आणला. डब्यावर गुबगुबीत गोरं बाळ होतं आणि त्याची किंमत ऐकून आमच्या ह्यांनी चष्मा काढून पुसला होता. तीही पेजेत घालून पाहिली. वाटीत काहीही घातलं तरी शेवटी रंग एकच, पावसाळ्यात कुकडीच्या पाण्याला असतो तसला. मग मोबाइल समोर धरायचा, त्यात हिंदीत बोलणारा हत्ती लावायचा आणि तोंड उघडलं की चमचा आत सारायचा. त्यातलं निम्मं पोरगा बाहेर काढायचा, उरलेलं माझ्या पदराला पुसायचा. हे सगळं व्हायचं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, आम्ही कुणी जेवत नसताना. कारण आम्ही एकत्र जेवतच नव्हतो. मुलगा चाकणला कंपनीत, त्याची शिफ्ट बदलती. सूनबाई येईल तेव्हा. हे एसटीत ड्रायव्हर होते, त्यांना अजून गाडी सुटायच्या वेळेला जेवायची सवय. आणि मी उभ्याउभ्या, ओट्यापाशी.

तुम्हाला हे सांगायला मला ओशाळल्यासारखं होतंय, कारण तुमचा सगळा जन्म पंगतीत गेला. शिनोलीपासून कळंबपर्यंत ज्या घरी लग्न निघेल तिथे तुमची कढई आणि उलथनं आधी पोचायचं. घरी मात्र चार माणसांचा स्वयंपाक तुम्हाला कधी जमला नाही. आमटी केली की अर्ध्या आळीला पुरायची आणि शेजारणी वाट्या घेऊन आपणहून यायच्या. आई गेली तेव्हा धाकटा भाऊ अजून धड चालत नव्हता. लोकांनी तुम्हाला सांगितलं, आता आचाऱ्याचं काम सोडा, दुसऱ्याच्या रानात जा, निदान संध्याकाळी घरी तरी असाल. तुम्ही ऐकून घेतलंत आणि पुढच्या लग्नाला मला आणि धाकट्याला भांड्यांबरोबर बैलगाडीत बसवलंत. मला तुम्ही एक काम दिलंत आणि त्या कामासाठी जर्मनची एक छोटी पळी दिलीत, माझ्या हाताला बसेल अशी. आमटीत मसाला पडायच्या आधी एक पातेलंभर साधं वरण बाजूला काढून ठेवायचं, अशी तुमची पद्धत. त्याला तुम्ही लेकुरवाळ्यांचं पातेलं म्हणायचात. कडेवर मूल असलेल्या बाया आणि दात पडलेली म्हातारी माणसं, त्यांचं ते. पण चुलीच्या धुरात, माणसांच्या गलबल्यात तुम्ही विसरायचात. म्हणून माझं काम एवढंच, तुमच्या हातात मसाल्याचं ताट आलं की ओरडायचं, "अण्णा, लेकुरवाळ्यांचं." तुम्ही ताट खाली ठेवणार, मी पळी पुढे करणार. मी इतक्या ऐटीत ओरडायचे, की वाढपी माझी नक्कल करायचे.

कळंबचं ते लग्न मला आजचं असल्यासारखं दिसतं. मांडवामागे चुली पेटल्या आहेत. धाकटा माझ्या मांडीवर, त्याच्या बरगड्या माझ्या हाताला लागतात. मामा त्याच गावचा. तो चुलीपाशी येतो, तुमच्याकडे न बघता जाळाकडे बघत म्हणतो, "दाजी, पोराची हाडं दिसाय लागली. तुमी गावोगाव फिरणार, याच्या खाण्याचं कोण बघणार? आमच्याकडं द्या त्याला. थोरलीला ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी." तुम्ही आमटी ढवळत राहता. मला वाटतं, तुम्ही आता हो म्हणणार. मी धाकट्याला उचलून भांड्यांच्या मागे जाते, लेकुरवाळ्यांच्या पातेल्यातली वाटी घेते आणि घाईघाईने त्याच्या तोंडात घास कोंबायला लागते. तो जेवला, की मामा परत जाईल, असं माझं साधं गणित. धाकटा थुंकतो, मी पुन्हा कोंबते, तो रडतो. आणि तुमची सावली अंगावर पडते.

"चोरून जेवल्यागत काय भरवतीस त्याला? उठव. पंगतीला बसव."

मी म्हणते, तो सांडेल. तुम्ही म्हणता, सांडू दे. तुम्ही मला याआधी कधी इतक्या मोठ्याने बोलला नव्हतात, म्हणून मला रडू येतं. तशीच मी त्याला नेऊन पंगतीत बसवते, परक्या माणसांच्या मधोमध. तुम्ही स्वतः त्याच्यापुढे पत्रावळ मांडता. मोठ्या माणसाला मांडतात तशी आख्खी. साधं वरण, भात, चिमूटभर लापशी. आणि निघून जाता. जाताजाता मला म्हणता, "आपलं काम वाटी आधी काढायची. खायचं का न्हाई, ते त्याचं त्यो बघंल." शेजारी फेटेवाले एक म्हातारे बसले होते. त्यांनी धाकट्याकडे वाकून बघितलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "पावणं, लाजू नका." सगळी पंगत हसली. धाकट्याने त्यांच्याकडे बघितलं, त्यांच्या हाताकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे. आणि भातात हात घातला. त्या दिवशी भात त्याच्या केसात गेला, कानात गेला, पण पोटातही गेला. मामा मांडवाच्या खांबाला टेकून बघत होता. नंतर त्याने तो विषय काढला नाही. धाकटा तुमच्याजवळच वाढला आणि आज त्याचं पोट इतकं सुटलंय, की डॉक्टर त्याला भात कमी करा म्हणतात.

हे सगळं मला ठाऊक होतं, अण्णा, आणि तरी मी माझ्या नातवाला मिक्सर आणि हत्ती यांच्या मध्ये बसवलं होतं. ते आठवायला एक रविवार यावा लागला. रविवारी आमच्याकडे बाजार असतो. त्या दिवशी मुलालाही सुट्टी होती आणि बाजारात हुलगे चांगले आले होते. हल्ली हुलगा कुणी विचारत नाही. ज्याच्याकडे विचारलं तो शेतकरी म्हणाला, मावशी, हे आता बैलांनाच घालत्यात. मी म्हटलं, बैल शहाणे आहेत. घरी येऊन भाजून, दळून आणलं. पीठ मळताना त्यात तिखट न घालता नुसतं लसूण, जिरं, मीठ घातलं. तिखट सगळं रश्शात. शेंगोळी वळायला सूनबाईही बसली. तिला ती नीट वळता येईना, तिची शेंगोळी बघून ह्यांनी विचारलं, हे काय गांडूळ का? ती हसली. कार्ड हातात आल्यापासून मी तिला हसताना बघितलं नव्हतं. मग मीही तिच्याशी बोलत बसले, कळंबचं ते लग्न तिला सांगत बसले, मामा काय म्हणाला आणि तुम्ही काय म्हणालात ते. ती हातातलं पीठ तसंच ठेवून ऐकत होती.

जेवायच्या वेळी मी खाली सतरंजी टाकली आणि सगळ्यांना एका ओळीत बसवलं. पोराला मधे, आजोबा आणि बापाच्या मध्ये, आणि त्याच्यापुढे मोठं ताट. मोबाइल फ्रिजवर ठेवला. त्याच्या ताटात बोटाने मोडून मऊ केलेली शेंगोळी, वर तूप, बाजूला दुधात कुस्करलेली बाजरीची भाकरी. मुलगा म्हणाला, आई, तो सगळं सांडेल. मी म्हटलं, सांडू दे. आणि मग मी त्याच्याकडे वाकले आणि म्हणाले, "पावणं, लाजू नका." सूनबाई घास हातात धरून थांबली होती. पोराने आजोबांकडे बघितलं, बापाकडे बघितलं. मग एक तुकडा उचलला, तोंडात घातला, चावला. दुसरा उचलला. ओठ चाटले. तिसरा बापाच्या ताटातून घ्यायला निघाला, तेव्हा त्याला त्याच्याच ताटात अजून वाढावं लागलं. आजवर त्याने मागून काही खाल्लं नव्हतं.

सूनबाईने मला हळूच विचारलं, "आई, काय घातलं यात?"

मी म्हटलं, काही नाही. आपल्याच पातेल्यातलं, मसाला पडायच्या आधी काढलेलं. माझे वडील काढायचे.

त्या दिवसापासून वेगळं पातेलं बंद आहे. आमचं जे असेल तेच त्याचं. मटकी असो, भोपळा असो, शेवग्याच्या पानांची भाजी असो, फोडणीआधी त्याची वाटी बाजूला निघते. पावडरचा डबा रिकामा झाला, त्यात मी शेंगदाण्याचा कूट भरला. त्या बाळाच्या चित्राला आता कुटाचा वास येतो. मुलाची शिफ्ट काही बदलली नाही, पण जे घरात असतील ते एका ओळीत बसतात. हेसुद्धा बसतात, गाडी चुकल्यासारखा चेहरा करून. सगळे दिवस सारखे नसतात. काही दिवशी पोरगा ताट उलटं करून त्यावर बसतो आणि मग मला तुमचं वाक्य स्वतःलाच सांगावं लागतं, की खायचं का नाही ते त्याचं तो बघेल. ते वाक्य ऐकायला सोपं आहे, अण्णा, पाळायला फार कठीण. त्या दिवशी मामा समोर उभा असताना तुम्ही पाठ फिरवून चुलीकडे कसे गेलात, हे मला आता कुठे कळतंय.

आज वजन होतं. सूनबाईने अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली होती. काटा हलला. फार नाही, पण टिंब वर चढलं आणि हिरव्याच्या कडेला टेकलं. ताई म्हणाल्या, आता असंच चालू ठेवा. परत येताना रस्ताभर पोरगा सूनबाईच्या कडेवर होता. घराशी आल्यावर पोराला माझ्याकडे देत म्हणाली, "मी जाऊन येते लॅबला. उरलेला अर्धा दिवस कशाला फुकट घालवू?" आणि गेली. संध्याकाळी आली, हातपाय धुतले, आणि मी आमटीला मसाला घेतला तसा बाहेरच्या खोलीतून तिचा आवाज आला, "आई, वाटी काढली का?" माझ्या हातातलं ताट मी खाली ठेवलं. ते काम आता तिने घेतलंय. माझ्यापेक्षा ती कमी ऐटीत ओरडते, एवढाच फरक.

तिने ते घेतलं ते बरं झालं, कारण त्या रविवारी आठवण करायला कुणी नव्हतं. तुम्ही नव्हतात, आणि मी तुमच्याच गोष्टी सांगण्यात गुंतले होते. मसाला पडून गेला, रस्सा लालभडक झाला, तेव्हा माझ्या लक्षात आलं. सगळे सतरंजीवर बसले होते. मी सगळ्यांकडे पाठ करून पोराची शेंगोळी गाळणीत घेतली, कोमट पाण्याने धुतली आणि वर तूप घालून नेली. धुतली तरी मसाल्याचा थोडा वास आणि थोडी चव तिला राहिली असणार, आणि मला दाट संशय आहे, की पोराने ओठ चाटले ते त्याच चवीमुळे. सूनबाईला वाटतं, ती वाटी तुमच्या पद्धतीची होती. मी तिला खरं सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. तुम्हाला मात्र सांगून टाकलं. हे पत्र कुठे पोचायचं नाही, म्हणूनच लिहायला हिंमत झाली.