चाकाखालची फळी

अप्पा,

मी लोहाऱ्याला ड्युटीवर चाललोय. भाकरी दुरडीत झाकून ठेवलीय, तेवढी खावा.

ओट्यापाशी फळी दिसंल, ती चुलीत घालू नका. गाडीचं मागचं चाक तिच्यावर चढवलं की डबल स्टँड हातानं ओढून लावता येतो, माझ्या पोलिओच्या पायावर भार येत न्हाय. महिनाभर गाडी अंगावर घेत शिकलो, काल जमलं. तुम्ही आता कॅरिअर धरायला येऊ नका, तुमची कंबर लई दुखते.

माझं एक चुकलं. एवढी वर्षं दारात दोनदा हॉर्न वाजवला की आई पिठाच्या हातानं कॅरिअर उचलायला बाहेर यायची. ती जाऊन सव्वा महिना झाला. तरी काल एकट्यानं गाडी स्टँडला लागली अन् खुशीत, तिला दाखवायला म्हणून, मी दोनदा हॉर्न वाजवला. तुम्ही आतून म्हणालात, "अगं, राजू आला बघ, जा."

मग आत भांडंसुद्धा वाजलं न्हाय. मी बाहेर गाडीला धरून तसाच उभा होतो.

आजपासून मी हॉर्न वाजवणार न्हाय. गाडीचा आवाज आला तरी तुम्ही तिला हाक मारू नका.

राजशेखर