बरी फेकते गोळा

फ्रिस्को, टेक्सस

ती. सौ. शरयूताईस शैलेंद्रचा साष्टांग नमस्कार (गुडघा दुखतो, म्हणून मनातल्या मनात). तुझी शुगर आणि भाऊजींचा राग दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. पत्र मुद्दाम हातानं लिहितोय, कारण फोनवर तू मधेच रडतेस आणि मुद्दा राहून जातो.

तुझी भाची केया गोळाफेक करते, हे तुला ठाऊक आहेच. पहाटे वजनं उचलायला जाते, मग शाळा, मग मैदान, शनिवार-रविवार आइस्क्रीमच्या दुकानात काम (कडक आइस्क्रीम उपसून उजवा हात तयार होतो म्हणे) आणि उरलेल्या वेळात केमिस्ट्री. आमची भेट गाडीत होते. मी चालवतो, ती शेजारी झोपते. दीपा होती तेव्हा घरात दिवसभर बोलणं चालायचं. ती गेल्यापासूनच्या चार वर्षांत मी फ्रिजशी बोलायला लागलोय. तो निदान मधूनमधून हुंकार तरी देतो.

तर मंगळवारी मिनेसोटातल्या एका कॉलेजच्या कोचबाईंचा फोन आला. इथे कॉलेजच्या टीममध्ये घेताना पोरांबरोबर आईबापांनाही पारखतात. बाईंनी विचारलं, मुलगी कशी आहे? आता तूच सांग, आपल्याकडे यावर काय म्हणतात? ‘ठीक आहे, बरी फेकते गोळा.’ मी तेच इंग्रजीत म्हणालो. वर हेही म्हणालो, जिल्ह्यात पहिली आली खरी, पण बाकीच्या मुली आजारी असतील. केमिस्ट्रीत नव्वद मिळाले, पण दहा गेलेच ना! आपल्याकडची बाई असती तर ‘काहीतरीच काय, किती गुणी पोर आहे’ म्हणाली असती आणि गाडी रुळावर आली असती. या बाईंनी सगळं लिहून घेतलं आणि माझ्या प्रामाणिकपणाचे आभार मानले.

संध्याकाळी केयाला मेल आला, की वडिलांशी बोलल्यावर तुझ्या नावाचा फेरविचार करतोय. त्या दिवशी ती गाडीत झोपली नाही. “डॅड, यू टोल्ड हर आय ॲम जस्ट ओके?” एवढंच म्हणाली. दोन दिवस डबाही नेला नाही. ताई, फार लागलं मला. पोरगी समोर असून घर एवढं ओकं कधी वाटलं नव्हतं. तू तिची आत्या आहेस. तिला जरा समजाव, की आपल्या माणसाचं कौतुक आपण करत नाही, दृष्ट लागते, बाबाच्या मनात वाईट नव्हतं.

भाऊजींना नमस्कार. स्वतःला जप.

तुझा,
शैलू

ता. क. वरचं तिला काही सांगू नकोस. साफ खोटं आहे. बावीस वर्षं नोकरीत दरवर्षी स्वतःचं कौतुक स्वतः लिहून मी बढत्या घेतल्यात. बाईंशी बोलता बोलता मी नकाशा उघडला होता. मिनेसोटा इथून गाडीनं पंधरा तासांवर आहे.

पुन्हा ता. क. पत्र टाकायचं राहिलं, म्हणून पुढचंही लिहितो. काल बाईंना मीच फोन केला. सांगितलं, की आई गेली त्या आठवड्यातही ही पोर पहाटे मैदानावर गेली होती, आणि जाण्याआधी मला चहा करून देऊन. हेही सांगितलं, की तिनं जावं असं मला वाटत नव्हतं. केयालाही सगळं सांगितलं. ती रडली, मग मी. आज बाईंनी जागा पक्की केली. ऑगस्टमध्ये निघेल.

आता खरं काम. एकट्यापुरता भात लावायचा तर तांदूळ किती घ्यायचे, तेवढं कळव.