येते तेवढंच पाणी

बाबा, बंबाच्या पंपापाशी आता मी उभी असते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्हाला ड्यूटीवर पाहिलेले एकटे साहेबच आमच्या स्टेशनवर उरलेत.

परवा महाल भागात कापडाच्या गोदामाला आग लागली. गल्ली अरुंद, बंब तोंडाशीच अडला. मागून टँकरचं पाणी माझ्या पंपात येतंय, पुढे आमचे दोघं जण होज घेऊन जिन्यावर. वॉकीटॉकीवर त्यांचा एकच धोशा, "ताई, प्रेशर वाढव, आग अंगावर येऊन राहिली." मी वाढवलं, तर पंपात गिट्टी भरल्यासारखा खडखडाट, आणि येणाऱ्या पाण्याचा काटा शून्याखाली. मी थ्रॉटल कमी केलं. साहेब धावत आले, "कमी काहून करून राहिली? आत माणसं आहेत." ते मलाही ठाऊक होतं. धार बारीक झाली तर ते पोळतील, पण पंपाने हवा ओढली तर धारच तुटेल आणि ते तिथेच राहतील. भीती वाटली, खूप. मागे वळून पाहिलं, तर टँकरकडच्या होजवर मोपेड उभी करून कोणी महाशय आग बघायला गेले होते. साहेबांनी ती उचलून बाजूला केली, पाणी आलं, मग मी बेताबेताने प्रेशर चढवलं. दोघं काळेठिक्कर होऊन बाहेर आले. एकाने चहा येईपर्यंत माझ्याशी अबोला धरला.

चहा पिताना साहेब म्हणाले, "बापानं शिकवलं तिले." मी मान डोलावली. शिकवलं होतंच. उन्हाळ्यात नळाला करंगळीएवढी धार, आणि आईने मला टिल्लू पंप लावायला सांगितलेलं. तो खडखडत होता, तेवढ्यात तुम्ही स्वयंपाकघरात आलात. "बंद कर. काहून जाळून राहिली त्याले? पंप पाणी पैदा नाही करत वं, येते तेवढंच ढकलते." आईला अवाक्षर बोलला नाहीत. मी फुगून बसले होते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. थ्रॉटल कमी करताना मला तुम्ही आठवला नाहीत, तो टिल्लूही नाही. हात आपसूक मागे आला. घरी आल्यावर याचं वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण नाही वाटलं. साहेबांना मी हे सांगितलेलं नाही.