मालनच्या गोणपाटावर दीड तास

रत्नागिरी,
मंगळवार, ८ ऑक्टोबर १९८५

सौ. गोदावरीबाई विहीणबाई यांना, रत्नागिरीहून द्वारकाबाईचा, कंबर धरलेली असतानाही वाकून केलेला नमस्कार.

व्याह्यांचा दमा कसा आहे ते कळवावे. पावसाळ्यात त्यांना ओसरीवर झोपू देऊ नका असं मी गेल्या खेपेला लिहिलं होतं, पण ते माझं कशाला ऐकतील (माझा मुलगा ऐकत नाही, तर मुलाचा सासरा काय ऐकणार). तुमच्या गुडघ्याला निर्गुडीचा पाला बांधत जा. इकडे आम्ही तिघंही खुशाल आहोत. प्रभाकरचं वजन वाढलं आहे, कुमुदची तब्येत ठीक आहे, आणि माझी कंबर का धरली ते सांगण्यासाठीच हे पत्र आहे. पण ते ओळीनं सांगितलं पाहिजे, नाहीतर तुमचा माझ्याविषयी गैरसमज होईल. आधीच काही कमी नाहीत.

जूनमध्ये आम्ही इथं आलो तेव्हा मला हे गाव मुळीच आवडलं नव्हतं, हे तुमच्यापासून लपवत नाही. पाटबंधारे खात्याचं क्वार्टर टेकडीवर. खाली पाहिलं की माड, वर पाहिलं की पाऊस. माती तांबडी, घरांचे चिरे तांबडे, भात तांबडा, आणि आठ दिवसांत माझ्या पांढऱ्या लुगड्याचे काठसुद्धा तांबडे. वाण्याकडे ज्वारी मागितली तर त्यानं, कोंबड्या किती आहेत, असं विचारलं. मी म्हटलं, तीन आहेत, त्यांतली एक ओव्हरसियर आहे. तो हसला नाही. इथली माणसं लगेच हसत नाहीत. घरी जाऊन विचार करतात आणि पुढच्या खेपेला हसतात. (पंधरा दिवसांनी मी हिंग आणायला गेले तेव्हा तो खरोखरच हसला.)

घरात करायला काही नाही. आपल्या बार्शीत मी बाजार करणारी बाई म्हणून ओळखली जायची हे तुम्हाला ठाऊक आहे. इथं प्रभाकरनं आल्या आल्या सांगून टाकलं की आई, तू पिशवी घेऊन बाजारात हिंडू नकोस, माझ्या हाताखालची माणसं बघतात, काय म्हणतील, भाजी कुमुद आणील. मी बरं म्हटलं आणि पहिल्याच शनिवारी मारुतीला जाते म्हणून निघाले. मारुतीला गेले, खोटं नाही सांगत. नमस्कार केला आणि मागच्या बाजूनं बाजारात उतरले. तेव्हापासून चार महिने माझा शनिवार चुकलेला नाही आणि घरात माझ्या भक्तीचं फार कौतुक आहे.

विहीणबाई, तो बाजार एकदा तुम्ही बघाच. पहिल्या एस्टीनं आजूबाजूच्या खेड्यांतल्या बायका हारे, म्हणजे मोठ्या टोपल्या, घेऊन उतरतात. हाऱ्यात शेताची शेतं नसतात हो, परसातलं असतं. आठ पडवळं, दोन ओंजळी भेंडी, चार दोडकी, एक चिबूड, घरी उरलेली केळी. अळूच्या जुड्या केळीच्या सोपटानं अशा बांधलेल्या, की सोडवताना जिवावर येतं. तागडी कोणाकडेच नाही. गोणपाटावर वाटे लावतात, एका वाट्यात पाच भेंड्या जास्त नाहीत की कमी नाहीत, आणि त्यावर पाण्याचा हबका मारून गप्प बसतात. गप्प म्हणजे खरोखर गप्प. आपल्या बाजारात कानठळ्या बसतात, आणि इथं शंभर बायका बसल्यात तरी कोपऱ्यातल्या कासाराच्या बांगड्या ऐकू येतात. मला आधी वाटलं, कोणी वारलं असावं.

त्यांतल्या एकीशी माझी ओळख झाली ती अशी. तिचं नाव मालन. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, कपाळावर गोंदण, नवरा भातशेती करतो, मुलगा मुंबईला गोदीत. तिनं भेंडीच्या वाट्याचा रुपया सांगितला. मी आपल्या रीतीप्रमाणे आठ आणे म्हटलं, तोंड वाकडं केलं आणि चालू लागले. दहा पावलांवर हाक येते हे मला चाळीस वर्षं माहीत. दहा झाली, वीस झाली, हाक नाही. परत फिरायची लाज वाटली. मी नारळवाल्याच्या मागं पाव तास उभी राहिले, चार नारळ वाजवून पाहिले, तो म्हणाला, घ्यायचा नसेल तर निदान फोडू नका. शेवटी खाली मान घालून परत गेले. मालननं एका पानाखालून तोच वाटा काढून माझ्या पिशवीत घातला. म्हणाली, "काडून ठेवलावता तुमचा. उनात कशाला फिरताव, आजी?" माझ्या जन्मात मला असं कोणी हरवलं नव्हतं. त्या दिवसापासून मी तिच्या गोणपाटाच्या कडेला टेकायला लागले. तिनं मला भारंगीची भाजी कशी उकडून पिळायची ते शिकवलं, मी तिला शेंगदाण्याची चटणी कुटायला शिकवली.

आता गेल्या शनिवारचं सांगते. मालनची सून मुंबईत बाळंतपणाला दवाखान्यात दाखल झालेली. मुलानं कार्ड टाकलं होतं की शनिवारी अकरा वाजता बाजारातल्या कापडवाल्याच्या दुकानात फोन लावतो, तिथं थांब. अकराला दहा कमी असताना ती उठली आणि मला म्हणाली, "आजी, वायंच बसा हितं. मी आलीच." आणि गेली. बाईच्या पायात चपला नव्हत्या, तरी पळत गेली.

मी बसले. प्रथम त्यांच्यासारखीच गप्प बसले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. माणसं समोरून जातात, बघतात, पुढं जातात. विहीणबाई, चाळीस वर्षं ज्या बाजारात काढली, तो माझ्या तोंडून बाहेर आला, मी काही केलं नाही. "या बाई या, दवात तोडलंय पडवळ, बोटाएवढी भेंडी, हात लावून बघा, बघायला पैसे नाहीत." शेजारच्या बायका दचकल्या. एकीचं सुरण घरंगळलं. पण लोक थांबले. अर्ध्या तासात पडवळं गेली, दोडकी गेली. हाऱ्याच्या तळाशी पानांखाली झाकलेले चार वाटे सापडले, मी म्हटलं मालन विसरली असेल, तेही मांडले आणि विकले. चिबूडसुद्धा विकलं. मला अगदी वीस वर्षांची झाल्यासारखं वाटत होतं.

एवढ्यात समोरून तुमची लेक आली.

ती एरवी चार वाजता जाते. त्या दिवशी प्रभाकरच्या साहेबांच्या बाई बरोबर होत्या, म्हणून सकाळी आलेली. मी पदर पुढं ओढला तो हनुवटीपर्यंत. उठावं तर गोणपाट उघडं टाकून कशी उठू. दोघी थेट माझ्यापुढं येऊन वाकल्या. कुमुदनं भेंडीचं टोक मोडून पाहिलं. वरची नाही, खालची काढून मोडली. (मी श्रावणात तुम्हाला लिहिलं होतं की तुमच्या मुलीला भाजी पारखता येत नाही, हातात देतील ते आणते. ते वाक्य तुम्ही खोडावं.) मग विचारलं, कशी दिली. मी मालनचा आवाज काढून म्हटलं, रुपया वाटा, बाय. ती म्हणाली, दोन वाटे दीड रुपयाला. मी नाही म्हटलं. तिनं तोंड वाकडं केलं आणि चालू लागली. मी मोजत होते. सहाव्या पावलाला मी हाक मारली. मला राहवलं नाही. मालननं मला वीस पावलं जाऊ दिलं होतं, आणि मी पोटच्या मुलाच्या बायकोला सहासुद्धा जाऊ दिलं नाही. दीड रुपयाला दोन वाटे गेले.

ती पिशवीत भेंडी घालत होती तेव्हा साहेबांच्या बाईंनी विचारलं, तुमच्या सासूबाईंना इथलं मानवलं का. कुमुद म्हणाली, "त्या काही सांगत नाहीत हो. भातात नुसती बोटं फिरवतात. मी आल्यापासून ती बारकी काटेरी वांगी शोधतेय, बार्शीसारखी. मिळाली तर भाकरीशी पोटभर जेवतील. बोलतात मला, पण शनिवारी त्या मारुतीला गेल्या की मला घर खायला उठतं." मग माझ्याकडं वळून विचारलं, वांगी येतात का हो तुमच्याकडं कधी. मी मान हलवली. कोणत्या बाजूला हलवली ते मला आठवत नाही.

त्या गेल्या आणि भिकाजीपंत नावाचे कोर्टातले पेन्शनर आले. धोतर, छत्री, हातात कापडी पिशवी. त्यांचं पडवळ ते दर शनिवारी पावणेबाराला नेतात, आठ वर्षं. ते पानाखाली ठेवलेलं होतं. मी ते एका पोलिसाच्या बायकोला विकलं होतं. छत्री टेकून तिथंच उभे राहिले. त्यांच्यामागं आणखी एक बाई येऊन उभी राहिली, तिची भेंडी. मग कापडवाल्याचा गडी चिबूड न्यायला आला, ज्या कापडवाल्याच्या फोनपाशी मालन बसली होती त्याचाच. रिकाम्या गोणपाटावर मी आणि समोर ही तीन माणसं. विहीणबाई, त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी चार परत दिल्या असत्या. ती गप्प उभी होती.

साडेबाराला मालन आली. फोन लागायला दीड तास गेला होता. तिच्या मुठीत साखर होती. आधी ती तिनं माझ्या तोंडात घातली, मग भिकाजीपंतांच्या हातावर, मग उरलेल्या दोघांच्या. मुलगी झाली, दोघी सुखरूप. मुलगा फोनवर रडला म्हणाली, आणि ही म्हणाली असेल की रडतोस कशाला, पैसे जातात. मग तिनं गोणपाट बघितलं. मी सगळं कबूल केलं. ती शेजारणीच्या हाऱ्यातून पडवळ घेऊन आली, भिकाजीपंतांना दिलं, बाकीच्यांना पुढच्या शनिवारचं सांगितलं, आणि त्यांनी ते ऐकलं. मला म्हणाली, "इकायला चांगलं येतंय तुमाना, आजी. आता ठेवायला शिका." रागानं नाही म्हणाली. माझा हात धरून उठवत होती तेव्हा म्हणाली, आणि उठतानाच ही कंबर धरली.

घरी आले तर कुमुदनं भेंडीची परतून भाजी केली होती, खोबरं न घालता, आपल्यासारखी. मी दोनदा वाढून घेतली. चांगली झाली आहे, असं म्हटलं. चार महिन्यांत पहिल्यांदा म्हटलं, तर तिनं पळीच खाली ठेवली. तुम्ही मुलीला काय शिकवलं आहे ते मी लग्नात चार लोकांत विचारलं होतं, त्याचं उत्तर मला गोणपाटावर बसल्यावर मिळालं. हे तुम्हाला लिहायला मला तीन दिवस लागले, तेव्हा उगाच मिरवू नका.

व्याह्यांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद.

आपली,
द्वारकाबाई

ता. क. — मुख्य राहिलंच. आपल्याकडच्या काटेरी वांग्याच्या बियांच्या दोन पुड्या दसऱ्याच्या आत पाठवाव्या. मालन भात कापला की परसात लावते म्हणाली. वांगी धरली की ती कुमुदसाठी पानाखाली ठेवायची असं आमचं ठरलं आहे. माझं नाव सांगायचं नाही.

ता. क. दुसरा — शनिवारची हकिगत कुमुदला कळता कामा नये. ती भोळी आहे, तिला काही कळलेलं नाही. पाकीट तिच्याच हातून टपालात टाकते, पण नीट बंद केलं आहे.

*

ती. आईस कुमुदचा नमस्कार. घरातला डिंक संपलाय, इकडच्या आईंनी पाकिटाला भाताची शितं लावली होती, ती पोस्टापर्यंत पोचायच्या आत सुटली. वाचणार नव्हते, पण माझं नाव दिसलं.

आई, शनिवारी मी त्यांना नारळवाल्यापाशी होते तेव्हाच आवाजावरून ओळखलं. असं ओरडणारं अख्ख्या रत्नागिरीत दुसरं कोणी नाही. साहेबांच्या बाईंनीही ओळखलं, पण त्या फार चांगल्या आहेत, काही बोलल्या नाहीत. आईंबद्दल जे बोलले ते त्या ऐकताहेत हे ठाऊक असूनच बोलले. खोटं नाही बोलले. स्वयंपाकघरात समोरासमोर मला ते जमलं नसतं, आणि त्यांच्या तोंडावर पदर होता म्हणून सोपं गेलं.

बियांच्या दोन नको, चार पुड्या पाठव. येत्या शनिवारपासून आईंनाही गोणपाटाचा एक कोपरा मिळणार आहे, शेंगदाण्याच्या चटणीसाठी, हे त्यांनी तुला लिहिलेलं दिसत नाही. मला मालनबाईंनी सांगितलं. मीही त्यांच्याकडूनच घेते, चार वाजता.

यांना मात्र यातलं काही ठाऊक नाही. शनिवारी जेवताना विचारत होते, भेंडी एवढी कोवळी कुठं मिळाली. मी सांगितलं, एका ओळखीच्या बाईकडं.