बारा सेकंदांचा हात

बोरीवली (पूर्व), गुरुवार

ती. मार्तंडदादास जयंतीचा नमस्कार. वहिनींचा गुडघा आता कसा आहे? आणि तुझं बीपी? (हे उपचार म्हणून विचारत नाही. गोळी घेतली नसशील तर आधी घे. आणि पत्र वाचून होईपर्यंत मंडपात पडद्यामागे जाऊ नकोस.)

दादा, तू, मी आणि त्या शाळेच्या बाकांवर बसलेले आपण सगळे एक अपमान आयुष्यभर गिळत आलोय. शाळेचं नाव सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "अजून चालू आहे ती?" बक्षीस समारंभात मी याच प्रश्नावर चाळीस मिनिटं बोलले. मराठी शाळेतल्या मुलांनी रोबो बनवू नये असं कुठल्या कायद्यात लिहिलंय, असं टेबलावर मूठ आपटून विचारलं. टाळ्या पडल्या, आणि दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी रोबोचं पथक माझ्याच गळ्यात मारलं. मी इतिहास शिकवते रे! संस्थेने आशीर्वाद दिले, जुनी प्रयोगशाळा दिली आणि खेळण्यातला एक संच दिला. वर अट घातली, की रविवारी पार्ल्याच्या स्पर्धेत पहिली फेरी पार झाली नाही तर ती खोली क्लासवाल्यांना जाणार.

काम ऐकायला सोपं. रोबोने तीन मिनिटांत सहा चेंडू उचलून टोपलीत टाकायचे. आमचा रोबो चेंडूपर्यंत रुबाबात जायचा, वाकायचा आणि तिथेच थरथरत राहायचा (लग्नात वाकून नमस्कार करायला लावलेल्या नवरदेवासारखा). मंगळवारी मोटरमधून धूरच आला. नवीन आणायची ऐपत नाही. आमची नववीतली कप्तान श्रुतिका रडली नाही. ती जळकी मोटर रुमालात गुंडाळून मांडीवर घेऊन बसली. मला ते बघवेना. मी जयवंतकाकांना बोलावलं (गिरणीत फिटर होते, म्हणूनच तुझ्या मंडळाचे हलते देखावे कधी अडकत नाहीत). काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, "बाय गो, ह्येच्या हातात दम नाय," म्हणाले, आणि तासाभरात एक हात घेऊन आले. खांद्यापासून मुठीपर्यंत अख्खा. (कुठून, ते पुढे येतंय.) मुठीत त्यांनी वहिनींचाच जुना झारा बांधला.

हात दणकट आहे, पण स्वतःच्या मर्जीचा. दर बारा सेकंदांनी वर जातो, थांबतो, खाली येतो. आतलं लाकडी चाकच तसं कोरलंय, त्याला काय करणार? इतर शाळांचे रोबो मुलांचं ऐकतात, आमची मुलं रोबोचं ऐकतात. श्रुतिका मोठ्याने आकडे मोजते, आठ म्हणताना गाडी चेंडूपाशी, बारा म्हणताना टोपलीपाशी. काल सहापैकी पाच पडले. सहावा चुकला, कारण मी मध्येच "याला म्हणतात स्वाभिमान!" असं ओरडले. श्रुतिका शांतपणे म्हणाली, "बाई, रविवारी तुम्ही फक्त बसा. तुम्ही बोललात की माझे आकडे चुकतात." वीस वर्षं सभा गाजवणाऱ्या बाईला चौदा वर्षांच्या मुलीने गप्प केलं, आणि दादा, मी कबूल केलं. यावरून ओळख, प्रकरण किती गंभीर आहे.

तुझी,
जयंती

ता. क. १ : हाताला लाल रंग आणि सोनेरी बाजूबंद आहे. आता ओळखलंच असशील. तुझ्या माघी गणपतीच्या देखाव्यातला सिंदुरासुर सध्या एकहाती आहे. काकांवर चिडू नकोस. पाना त्यांचा, हुकूम माझा. हात आज काढला तर रविवारपर्यंत पुन्हा बसणार नाही. स्पर्धा चारला संपते, सहाला मी स्वतः तो घेऊन हजर होते.

ता. क. २ : रविवारी अकराला देखावा बघायला पाहुणे येणार, हे मला ठाऊक आहे. दर्शन सुरू ठेव, देखावा तेवढा झाकलेला राहू दे. वेळ काढायला सोबत माझं भाषण जोडलंय, छत्तीस पानं. मला त्या दिवशी बोलायची बंदी आहे, तू बोल. कुणी विचारलं, "देखावा चालू होणार आहे का?" तर सांग, आमची शाळा अजून चालू आहे, तसा तोही होईल. पण सहाच्या आत पडदा उघडू नकोस.