अम्माचा अमेरिकेतला पत्ता

अराद, बहारीन
फेब्रुवारी १९८६

प्रिय कमाल,

खूप दुवा. आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायला बसले, पण हात अडतोय. तुझं पत्र आलं आणि आपल्या घरच्या रीतीप्रमाणे शुक्रवारची जेवणं उरकल्यावर तुझ्या भावोजींनी ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. शेजारची खदिजाही बसली होती. फक्त माझ्यासाठी होतं, तर तसं पाकिटावर लिहायचंस ना, शहाण्या.

टॅक्सच्या फॉर्मवर तू अम्माला तुझ्यावर अवलंबून दाखवलंस, ती तुझ्याच घरी राहते असं भरलंस. आता टॅक्सवाले पुरावा मागतात, तेव्हा अम्मा गेलं वर्षभर तिथेच होती असं आम्ही लिहून द्यावं, असं तुझं म्हणणं. भावोजींनी हे रेडिओवरच्या बातम्यांसारखं वाचून टाकलं. अम्माने मात्र त्यातलं एकच ऐकलं. खदिजाचा हात धरून म्हणाली, "पोरान् सरकारात लिवून दिलान, अम्मा माज्याच घरात ऱ्हाते."

इथे सित्रा बेटावरच्या ऑफिसात आमच्या अमेरिकन साहेबांचा तो १०४० नंबरचा टॅक्सचा फॉर्म दर वर्षी मीच टाइप करते. आईचा खर्च मुलगा करत असला, तरी ती परदेशी असेल आणि राहतही परदेशात असेल, तर त्या रकान्यात तिला जागा नाही. तुझं नाव न घेता साहेबांना विचारलं. ते म्हणाले, चूक कबूल केली तर बहुधा व्याज-दंडावर निभावतं, पण खोटा पुरावा दिला तर तुरुंगाची पाळी येऊ शकते. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. लाँड्रीचं दुकान तू किती खस्ता खाऊन उभं केलंस, ते मला ठाऊक आहे. तुझं वाईट व्हावं असं मला स्वप्नातही वाटणार नाही. पण रागही आला आहे, कमाल, फार आला आहे. फॉर्मवर आईला घरात घेतलंस. घरात कधी घेणार होतास?

इथून विमानतळ जवळ. विमान उठलं की अम्मा अंगणात येते, हे अमेरिकेचं का, विचारते. तू तिला बोलावलंस असंच तिने धरलंय. ट्रंक भरून झाली आहे, त्यात तुझ्यासाठी कोकमं आहेत. काल तर ती गल्लीत घरोघर जाऊन 'कहासुना माफ करा' म्हणून आली, हजला निघालेलं माणूस मागतं तशी माफी. समोरची आबिदा रडली. मी दारातून बघत होते, तिला थांबवलं नाही.

तू मागितलेल्या कागदावर अम्माने आनंदाने अंगठा दिला आहे. तो कागद मी पाठवणार नाही, आणि माझी सहीही मिळणार नाही. टॅक्सवाल्यांना खरं सांग, दंड भर. लागला तर माझा हातभार आहेच. पण अम्माला खरं काय ते मी सांगणार नाही. ते तूच लिही, नाहीतर तिला नेण्याची खटपट सुरू केलीस असं कळव. तुझं पुढचं पत्रही जेवणानंतर, सगळ्यांसमोरच वाचलं जाईल. अम्मा ट्रंकेवर बसून ऐकेल. एवढं ध्यानात ठेवून लिही, म्हणून आज हे पत्र.

तुझीच,
मसूदा आपा